कळंबचं परराष्ट्र खातं

कळंबच्या पोरांना प्रतिनिधी होण्याचं शिक्षण लहानपणीच फुकट मिळतं. शनिवार-रविवारी नालासोपारा स्टेशनवरून रिक्षा भरभरून मुंबईची मंडळी आमच्याकडे समुद्र बघायला येतात. सुरूच्या सावलीत चादरी अंथरतात, वेफर्सची पाकिटं फोडतात आणि समोरून जाणाऱ्या पहिल्या गावकरी पोराला थांबवून विचारतात, ‘‘इथे बघण्यासारखं काय आहे?’’ पाठीमागे अख्खा अरबी समुद्र असतो. पण पाहुण्यांना नाराज करायचं नाही म्हणून आम्ही यादी म्हणून दाखवायचो. निर्मळची शंकराचार्यांची समाधी, अर्नाळ्याचा किल्ला, सोपाऱ्याचा स्तूप. मग दुसरा प्रश्न यायचा, ‘‘तुम्ही लोक रोज मासेच खाता का?’’ अर्ध्या चड्डीतला मी वसईपासून डहाणूपर्यंतच्या तमाम किनाऱ्याच्या वतीने ‘हो’ म्हणून मोकळा व्हायचो. घरी त्या दिवशी दुधी असायचा.

एवढा अनुभव गाठीशी असल्यामुळे २०१३ साली ओस्लो विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय समर स्कूलमध्ये माझी निवड झाली, तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही. घाबरलं ते घर. उन्हाळ्यात शाळा कुणाला असते? नापासांना. त्यातून परदेशात जाऊन करावी लागणारी म्हणजे प्रकरण भलतंच हाताबाहेर गेलेलं. आत्याने तर बाजूला घेऊन हळूच सांगितलं, ‘‘मनाला लावून घेऊ नकोस, ऑक्टोबरला सुटतात विषय.’’ हा उन्हाळी वर्ग १९४७ पासून चालू आहे, दुसरं महायुद्ध संपल्यावर आधी अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी निघाला, मग जगभरचे येऊ लागले, सहा आठवडे चालतो आणि तिथे जायला चांगले गुण लागतात, हे मी समजावून सांगितलं. त्यावर काकांचा खरा मुद्दा आला, ‘‘पण उन्हाळा आहे कुठे?’’

तेही खरंच होतं. जूनचा शेवट. होड्या किनाऱ्यावर ओढून वर ताडपत्री पडलेली, आगोटची भरणी होऊन सुके बोंबील, सोडे आणि जवळा डब्यांत गेलेला, आणि आभाळ असं फाटलेलं की कळंब-नालासोपारा रस्ता कुठे सुरू होतो हे रिक्षावाल्यालाही विचारून सांगावं लागे. अशा धो धो पावसात मी गॉगल घेऊन उन्हाळी शाळेला निघालो. आत्याने सामानात दोन गोष्टी स्वतःच्या हाताने भरल्या. केळीच्या सोपटात बांधलेली आगाशीची सुकेळी आणि सुके बोंबील. बोंबलाचा वास पेटीभर होऊ नये म्हणून ते वर्तमानपत्रात, मग प्लॅस्टिकमध्ये, मग टॉवेलमध्ये आणि शेवटी प्रेशर कुकरात घालून वर शिट्टीसकट झाकण लावलं. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवूनही मला ही युक्ती सुचली नसती.

ओस्लोला पहिल्याच दिवशी गळ्यात अडकवायला ओळखपत्र दिलं. त्यावर माझं नाव बारीक अक्षरात आणि देशाचं नाव ठळक. तिथून पुढे मला माझ्या नावाने फारसं कुणी ओळखलं नाही. ‘भारतात काय करतात?’ हा प्रश्न दिवसातून किती वेळा आला याची गणतीच नाही. भारतात लग्नं कशी ठरतात? भारतात म्हातारी माणसं कुठे राहतात? भारतात लोकांना राजकारणाबद्दल काय वाटतं? आता भारताला काय वाटतं हे मला कसं माहीत असणार? मला कळंबचंही पुरतं माहीत नाही. गावाच्या पार पलीकडच्या टोकाला काय शिजतंय हे आमच्या आळीत दुसऱ्या दिवशी कळतं. पण भारताला गप्प बसून चालत नाही. मी एक सोपं गणित बसवलं: आमच्या आळीत जे होतं त्याला सव्वाशे कोटींनी गुणायचं. त्या हिशेबाने भारतातल्या लग्नात हळदीला बँड असतो, भारतीय माणूस रात्री शेवटच्या बसची वाट बघत उभा असतो आणि समुद्राला भिणारा भारतीय अजून जन्मायचा आहे.

अडचण एवढीच की वर्गात आणखी दोन भारत बसलेले होते. एक मध्य प्रदेशचा. त्याने समुद्र आयुष्यात पहिल्यांदा विमानाच्या खिडकीतून पाहिला होता आणि भारतीय माणूस मासा खात नाही, असं त्याने छातीठोक सांगितलं. दुसरी आसामची. तिला आमच्या दोघांचा भारत ऐकीव वाटला. तीन भारतीय एकमेकांशी इंग्रजीत भांडताहेत आणि समोरची मंडळी ते सगळं भारताविषयीची माहिती म्हणून वहीत उतरवून घेताहेत, असं ते दृश्य. त्या वह्या आज जगात कुठे कुठे असतील कोण जाणे.

मी घेतलेला विषय होता नॉर्वेचं जीवन आणि समाज. विषय उत्तम, फक्त वेळ चुकलेली. नॉर्वेत जुलैत सार्वजनिक सुट्टीचा हंगाम असतो. कारखाने, कचेऱ्या यांचा वेग मंदावतो आणि लोक सामान गाडीत टाकून डोंगरातल्या नाहीतर समुद्रकाठच्या आपल्या लाकडी खोपटात जाऊन बसतात. म्हणजे जगभरातून आम्ही नॉर्वेची माणसं अभ्यासायला आलो आणि माणसं गेली गावाला. ओस्लोच्या रस्त्यावर कुणाला पत्ता विचारावा तर तोही पर्यटक निघायचा. कोळी समाजाचा अभ्यास करायला जुलैत कळंबला यावं, आणि मासेमारी बंद असल्यामुळे पत्ते खेळणाऱ्या चार माणसांवर प्रबंध लिहून परत जावं, त्यातला प्रकार.

जे थोडे नॉर्वेजियन मागे उरले होते, त्यांना गाठायचं ठिकाण म्हणजे मेट्रो. विद्यापीठ ब्लिंडर्नला, आणि स्टेशनही त्याच नावाचं. स्टेशनात फाटक नाही, ढकलाढकली नाही, पुढच्याच्या पाठीला छाती लावून आत शिरणं नाही. नालासोपाऱ्याला विरारकडून भरून आलेल्या लोकलमध्ये चढण्याचा ज्याला सराव आहे, त्याला असं नुसतं चालत गाडीत जाणं म्हणजे फसवणूक वाटते. आत दोघांचं बाक, त्यावर एक बाई पुस्तक वाचत बसलेली. डबा जवळजवळ रिकामा. आमच्याकडे तिघांच्या बाकावर चौथी सीट हा जन्मसिद्ध हक्क. तेव्हा दोघांच्या बाकावर दुसरी सीट मागण्यात संकोच कसला? मी सवयीने बोटांनी ‘थोडं सरका’ अशी खूण केली आणि बसलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या डब्याकडे पाहिलं, आणि पुढच्या स्टेशनला उतरून गेल्या. बहुधा त्यांचं स्टेशन तेच असावं. नॉर्वेच्या समाजजीवनाशी माझा तो पहिला निकटचा संबंध.

हवेचं मात्र मला मनापासून कौतुक वाटलं. नॉर्वेचं हवामान खातं ब्लिंडर्नलाच आहे, त्यामुळे पावसाची बातमी अगदी ताजी मिळायची. सगळेजण गंभीर चेहऱ्याने सांगायचे की हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात. ओस्लोच्या जुलैचा सरासरी पाऊस शंभर मिलिमीटरही नाही. मुंबईचा आठशेच्या वर. मी त्यांना म्हणालो, या आमच्याकडे, कपडे कोणतेही घाला. सूर्याचंही तंत्र वेगळं. रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळायचा, पहाटे चारला हजर, आणि मधल्या वेळातही पुरता अंधार म्हणून नाही. त्यात रात्रीचं जेवण दुपारी साडेचार-पाचला. कळंबला ज्या वेळी वामकुक्षी संपवून माणसं चहाची वाट बघत ओट्यावर बसतात, त्या वेळी इथे दिवसाचं शेवटचं अन्न पोटात गेलेलं असायचं. पुढे सहा तास ऊन. रमझानच्या महिन्यात आलेल्या मोरोक्कोच्या विद्यार्थ्याने तर सूर्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही.

दुपारचा डबा म्हणजे पावाचे काप, त्यावर चीज, मध्ये कागद, की दुसरा काप. प्राध्यापकबाईंचाही तोच. त्या सायकलवरून यायच्या, डबा आमच्यात बसून खायच्या आणि त्यांना नावाने हाक मारायची सक्ती. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं माझ्या जिभेला जमेना, म्हणून मी हाकच मारायची सोडली. काही विचारायचं असेल तर त्यांच्यासमोर जाऊन उभा राहायचो. त्यांना वाटलं, भारतीय विद्यार्थी फार चिंतनशील असतात. त्यांच्या डब्यातलं तपकिरी चीज मी चाखलं. शेळीचं दूध फाडून उरलेलं पाणी आटवून आटवून करतात ते, आणि लागतं कंदी पेढ्यात चुकून मीठ पडावं तसं. मी बदल्यात सुकेळी दिली. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली, खाल्ली आणि विचारलं, ‘‘भारतात सगळे हे खातात?’’ मी आगाशीला सव्वाशे कोटींनी गुणलं आणि हो म्हणालो.

देश होण्याचा एक धोका मला पोर्तुगालच्या मुलामुळे कळला. कॉफी पिता पिता मी सहज म्हणालो की तुमचे लोक आमच्या वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत होते. चांगली दोनशे पाच वर्षं. त्याने वसईचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण तो गोरामोरा झाला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, ‘‘सॉरी.’’ दोनशे पाच वर्षांच्या राजवटीबद्दल एवढ्याशा मुलाने माफी मागावी आणि ती कळंबच्या पोराने स्वीकारावी, हा इतिहासातला तसा मोठाच क्षण होता. मी चिमाजी अप्पांच्या वतीने विषय संपला असं जाहीर केलं. कॉफीचे पैसे त्याने दिले. एक क्रोन म्हणजे तेव्हा साधारण दहा रुपये, आणि कॉफी तीस-पस्तीस क्रोनची. युद्धाची नुकसानभरपाई म्हणून वाईट नव्हती.

मग मला चटकच लागली. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीतलं सभागृह दाखवायला नेलं. भिंतींवर एडवर्ड मुंकची भलीमोठी चित्रं, आणि १९४७ पासून १९८९ पर्यंत शांततेचं नोबेल याच सभागृहात दिलं जायचं. सगळे चित्रं बघत होते. मी हात वर केला. ‘‘गांधींना का नाही दिलं?’’ पाच वेळा नाव पुढे आलं होतं, १९३७, ३८, ३९, ४७ आणि ४८ साली. आणि गांधीजींचा खून झाला त्या १९४८ साली समितीने योग्य अशी हयात व्यक्ती नाही म्हणून पुरस्कारच दिला नाही. माहिती सांगणारी मुलगी माझ्यापेक्षाही लहान. तिने समितीच्या वतीने सॉरी म्हटलं. पोर्तुगाल झाला, नॉर्वे झाला. विजयाच्या या मोहिमेवर असताना मी नेपाळच्या मुलाला ऐटीत सांगितलं की आमच्या सोपाऱ्याला बुद्धाचा स्तूप आहे, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणून काढला, तिथे अशोकाचा शिलालेख मिळाला. हे ओस्लो वसलं त्याच्या हजारभर वर्षं आधी आमचं बंदर गजबजलेलं होतं. तो शांतपणे म्हणाला, ‘‘बुद्ध लुंबिनीत जन्मला. लुंबिनी नेपाळात आहे. तुमचे लोक भारतात जन्मला म्हणून सांगतात.’’ सव्वाशे कोटींच्या वतीने मी सॉरी म्हटलं. हिशेब चुकता झाला.

पुढे सांस्कृतिक संध्या आली. प्रत्येक देशाने काहीतरी सादर करायचं. आम्ही तीन भारत एका खोलीत बसलो. मी कोळीगीत सुचवलं, बाकी दोघांना ते ठाऊक नाही. आसामच्या मुलीने बिहू सुचवलं, त्याची पावलं आम्हाला येईनात. मध्य प्रदेशच्या मुलाला भजन येत होतं, तेही एकट्यालाच. तिघांना मिळून पाठ असलेली एकमेव गोष्ट म्हणजे राष्ट्रगीत, आणि त्यावर नाचता येत नाही. शेवटी उझबेकिस्तानची एक विद्यार्थिनी दारात उभी राहून आमची दशा बघत होती, ती म्हणाली, ‘‘मला येतं.’’ तिच्या आजीच्या वेळी राज कपूरचा ‘आवारा’ सोव्हिएत संघात तुफान चालला होता आणि आईच्या वेळी मिथुन चक्रवर्तीचा ‘डिस्को डान्सर’. दोन्हींतली गाणी घरात पिढीजात. तिने एकाही शब्दाचा अर्थ माहीत नसताना दोन्ही गाणी सुरात म्हटली, नाचली, आणि आम्ही तीन भारत मागे उभे राहून टाळ्या वाजवत राहिलो. भारताला त्या रात्री सर्वांत जास्त दाद मिळाली. उझबेकिस्तानचा कार्यक्रम जेमतेमच झाला, कारण त्यांची मुख्य कलाकार दमली होती.

मग एका संध्याकाळी, म्हणजे उन्हात, मला कळंबची फार आठवण आली आणि मी कुकर उघडला. वसतिगृहाचं सामाईक स्वयंपाकघर रिकामं होतं. तव्यावर बोंबील टाकला. त्याच्या वासाला पासपोर्ट लागत नाही. दोन मिनिटांत नायजेरियाची मुलगी दारात हजर. ‘‘ओकपोरोको कोण शिजवतंय?’’ तिच्या पाठोपाठ इटलीचा एक जण, नाक वर करून. आणि त्यांच्या मागे वसतिगृहाची देखभाल बघणारे गृहस्थ. उंच, पांढरी दाढी, आजवर कुणाशी एका वाक्याच्या वर न बोललेले. आता सामान घेऊन बाहेर जावं लागतंय, अशी मनाची तयारी मी केली.

ते तव्यापाशी आले. न भाजलेला एक बोंबील उचलला, मोडून पाहिला, हुंगला. ‘‘किती दिवस वाळवलाय?’’

‘‘दोन-तीन.’’

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘आम्ही तीन महिने वाळवतो.’’

गृहस्थ लोफोतेनचे निघाले. उत्तर ध्रुववृत्ताच्याही वरची बेटं. तिथे फेब्रुवारीपासून मेपर्यंत कॉड मासे लाकडी मांडवांवर जोडीजोडीने टांगलेले असतात, मिठाचा कण न लावता, नुसत्या थंड वाऱ्यावर. आमच्या बोंबलाच्या वलांडीचाच उंच भाऊ. हा सुका मासा नॉर्वेने शतकानुशतकं युरोपला विकला आणि खनिज तेल सापडण्याआधी कितीतरी पिढ्या त्यावर पोट भरलं. मी म्हटलं, आमचं ऊन तुमचं तीन महिन्यांचं काम तीन दिवसांत करतं. ते म्हणाले, ‘‘काम होत असेल. मासा होत नाही.’’

अपमान कळंबचा होता, भारताचा नव्हता, म्हणून मला तो खरोखर झोंबला. मी बोंबील भाजून, ठेचून, वर कांदा आणि तिखट घालून पुढे केला. गृहस्थ निमूटपणे उठले आणि खोलीतून स्वतःचा मासा आणि एक हातोडी घेऊन आले. तो मासा आधी हातोडीने ठोकायचा, मग चावायचा. नायजेरियाच्या मुलीचं म्हणणं, दोघेही माशाची नासाडी करताय. खरी चव डोक्यात आणि ते रश्शात घालायचं. नॉर्वेतून वाळलेली माशांची डोकी तिच्या देशात जातात, बियाफ्राच्या युद्धात मदत म्हणून आलेला हा मासा लोकांच्या तोंडी कायमचा बसला, हे तिने सांगितलं. इटलीवाला विचेंझाच्या बाजूचा. त्याच्याकडे हाच मासा भिजवून दुधात तासन्‌तास शिजवतात, आणि तो इटलीत आणला पिएत्रो क्वेरिनी या व्हेनिसच्या व्यापाऱ्याने, ज्याचं जहाज फुटून तो १४३२ साली लोफोतेनच्याच एका बेटाला लागला होता. दुधात मासा, हे ऐकून मी आणि नायजेरिया प्रथमच एका बाजूला आलो. सूर्य मावळेपर्यंत, म्हणजे जवळजवळ अकरापर्यंत, आमचं कडाक्याचं भांडण चाललं.

त्या रात्री ‘भारतात काय करतात’ असं कुणी एकदाही विचारलं नाही. तुझ्याकडे काय करतात, एवढंच विचारत होते. आणि गंमत म्हणजे मला सगळं माहीत होतं. कुठल्या महिन्यातला बोंबील वाळवायचा, वलांडीवर तो तोंडात तोंड अडकवून कसा टांगायचा, पावसाचा शिडकावा झाला तर आत्या कुणाच्या नावाने बोटं मोडते. माणूस देशाएवढा नसतोच. फार तर आळीएवढा असतो, आणि तेवढाही असला तरी पुष्कळ झालं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी परत सव्वाशे कोटी झालो, तो भाग वेगळा.

कळंबला परतलो तर आळी वाटच बघत होती. ‘‘तिथे रात्र नसते म्हणे?’’ ‘‘तिथली माणसं बोलत नाहीत म्हणे?’’ ‘‘नॉर्वेत लोक खातात काय?’’ मी त्या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांना पन्नास लाखांनी गुणलं आणि उत्तरं देऊ लागलो. नॉर्वेत प्रत्येकाच्या खोलीत हातोडी असते, हे आता आमच्या आळीत सर्वमान्य आहे.

त्याच नोव्हेंबरात चेन्नईला नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसनने विश्वनाथन आनंदला हरवून बुद्धिबळाचं जगज्जेतेपद घेतलं. संध्याकाळी काका दारात उभे. ‘‘तुझ्या माणसाने आनंदला हरवलं.’’ मी सॉरी म्हटलं, तोवर मला चांगला सराव झाला होता. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात ओस्लोहून कैलास सत्यार्थींना शांततेचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा काकांनीच पाठ थोपटली, ‘‘बरं झालं तू गांधींचं तिथे स्पष्ट विचारून आलास.’’ आणि पुढच्याच महिन्यात कार्लसनने आनंदला पुन्हा हरवलं. ‘‘एवढं ऐकतात तुझं, तर याला काही सांगत का नाहीस?’’

तिकडेही काही वेगळं नाही. २०१५ साली चेन्नईत पूर आला आणि नायजेरियाहून निरोप आला, तू बुडाला नाहीस ना? चेन्नई कळंबहून हजार किलोमीटरपेक्षा लांब, हे मी तिला कळवलं आणि त्याच दमात विचारलं, काल नायजेरियाबद्दल काहीतरी वाचलं, तू ठीक आहेस ना? तिचं उत्तर आलं, ते माझ्या गावाजवळ नाही. उझबेकिस्तानची ती विद्यार्थिनी आता तिच्या शहरात भारताविषयीची अधिकारी व्यक्ती मानली जाते. पाहुण्यांसाठी मासे कसे साफ करावेत हे मध्य प्रदेशवाला फोन करून मला विचारतो.

आळीत आता खातेवाटप कायम झालं आहे. नॉर्वे माझ्याकडे, नायजेरिया आणि उझबेकिस्तानचा अतिरिक्त कार्यभारही माझ्याकडेच. नेपाळचा प्रश्न आला तर मी सॉरी म्हणून विषय टाळतो. आत्याकडे सुक्या मासळीचं स्वतंत्र मंत्रालय आहे आणि लोफोतेनच्या तीन महिन्यांच्या पद्धतीवर तिने एका वाक्यात निकाल दिला आहे, तो इथे छापण्याजोगा नाही. गृह आणि अर्थ ही दोन्ही खाती पूर्वीपासून आईकडे आहेत. त्यांत फेरबदलाची चर्चा काकांनी एकदा सुरू केली होती. त्या रात्री त्यांना जेवायला दुधी मिळाला.